चाळीस मुलं आणि आठ मोठी माणसं

शाळेच्या सहलीचा हिशोब तपासायला मला कोणीही सांगितलं नव्हतं. हे मी सुरुवातीलाच कबूल करून टाकतो. आमच्या घरात ही गोष्ट निघाली की आमची ही पहिलं वाक्य हेच बोलते, आणि तिच्या तोंडून ते ऐकण्यापेक्षा स्वतः म्हणून मोकळं झालेलं बरं.

मी गणिताचा शिक्षक. निवृत्त झालो, पण ते फक्त शाळेच्या दप्तरी. संध्याकाळचे पाच वाजले की आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती इमारतीतली सात-आठ मुलं वह्या घेऊन बसतात आणि मी त्यांना अपूर्णांक शिकवतो. पैसे घेत नाही. भागाकार पहिल्यांदा जमला की मुलाचा चेहरा जसा होतो, तो बघायला मिळतो म्हणून खरं तर मीच काहीतरी द्यायला हवं. देत मात्र नाही. खडू माझे असतात, तेवढं पुरे.

या मुलांत माझी नातही असते. तिचं खरं नाव वेगळं आहे, पण स्वतःच्या दुप्पट आकाराचं दप्तर पाठीवर घेऊन ती जिना चढायला लागली तेव्हापासून अख्खी इमारत तिला मुंगी म्हणते. वय अकरा. बोलणं कमी, हिशोब पक्का.

तर त्या दिवशी मला कोनमापक हवा होता, म्हणून मी मुंगीची कंपासपेटी उघडली. तळाशी आठ घड्या घातलेला एक कागद होता. शाळेचं सूचनापत्रक. इयत्ता पाचवीच्या दोन्ही तुकड्यांची निवासी सहल, चार रात्री आणि पाच दिवस, तळ्याकाठी शिबिर, होडी, दोरीवरून चालणे, तज्ज्ञ प्रशिक्षक. प्रत्येकी खर्च दहा हजार. सोबत आणायच्या सामानाची यादी मागे पाहा. मी मागे पाहिलं. झोपायची पिशवी, पाणी न शिरणारे बूट, डोक्याला बांधायचा दिवा, चाळीस लिटरची पाठपिशवी, मोज्यांचे पाच जोड, शिट्टी. यादीपुढे पेन्सिलीने बारीक अक्षरात किमती लिहिल्या होत्या. कुठल्या तरी दुकानाच्या काचेत पाहून आलेली असणार. खाली बेरीज होती, सहा हजार आठशे पन्नास. त्याखाली दहा हजार मिळवून सोळा हजार आठशे पन्नास. आणि त्यावर एक सरळ, नीट, पट्टी लावून मारलेली काट.

बेरीज बरोबर होती. हातचेसुद्धा बरोबर घेतले होते. मला आधी तेच दिसलं, आणि मग बाकीचं.

"हे कधी मिळालं?" मी विचारलं.

"सोमवारी," मुंगी म्हणाली. "मला नाही जायचं. तिथे डास असतात."

तिने हे इतक्या शांतपणे सांगितलं की दुसऱ्या कोणाचा विश्वास बसला असता. पण चाळीस वर्षं मी वह्या तपासल्यात. कोणतं उत्तर आतून आलंय आणि कोणतं आधीच ठरवून आणलंय, ते मला कळतं.

घरात बैठक झाली. सूनबाईने कागद दोनदा वाचला आणि म्हणाली, "दहा भरता येतील, बाबा. फ्रिजचा हप्ता एक महिना पुढे ढकलला तर. पण वरचे सात नाही जमायचे." मुलाने कागद घेतला, उलटा केला, पेन्सिलीची काट पाहिली आणि उठून गॅलरीत जाऊन उभा राहिला. आमच्या गॅलरीतून पाण्याची टाकी सोडून काहीही दिसत नाही, पण तो बराच वेळ बघत होता.

"मी बघतो काय ते," मी म्हणालो.

"तुम्ही काही बघू नका," ही म्हणाली. लग्नापासून ती मला हेच सांगत आली आहे.

मी सल्ला घ्यायला खाली गेलो. तळमजल्यावर एक कंपाउंडर राहतात. दवाखाना बंद होऊन काळ लोटला, तरी त्यांचं नाव कंपाउंडरच, आणि सल्लाही ते औषधासारखा तीन वेळा देतात. "अर्ज करा," ते म्हणाले. "सवलतीचा अर्ज असतो प्रत्येक शाळेत. मागितल्याशिवाय दाखवत नाहीत. मागा. मागितल्याशिवाय दाखवत नाहीत. मागाच. मागितल्याशिवाय दाखवत नाहीत." जिन्यात तिसऱ्या मजल्यावरचे कॅशियर भेटले. त्यांच्याकडे जुळी मुलं, दोघंही पाचवीत. "आमचे दोघेही जाणार," ते म्हणाले. "अशा अनुभवाला किंमत नसते, सर." वीस हजार ही किंमत नसते असं म्हणणारा कॅशियर मी पहिल्यांदाच पाहत होतो. मनात म्हटलं, माणसाने असंच ऐटीत असावं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या कार्यालयात गेलो. तिथल्या लिपिकाने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणातून अर्ज काढला. त्यावरची धूळ त्याने माझ्या बाजूला झटकली. अर्जाला नऊ जोडपत्रं होती. घरातल्या सर्व मिळवत्या माणसांचे उत्पन्नाचे दाखले, वीजबिल, पाणीबिल, आजी-आजोबांचं निवृत्तिवेतन असल्यास त्याचा दाखला, आणि शेवटी, "खर्च करण्यास असमर्थ असल्याचे कारण किमान शंभर शब्दांत लिहा."

मी तिथल्याच बाकावर बसून लिहायला लागलो. असमर्थता हा विषय लिहायला फार अवघड आहे. लिहिताना माझ्याकडून सहलीचं शैक्षणिक महत्त्व, मुलांच्या वाढीत मोकळ्या हवेचं स्थान आणि तळ्यांचे प्रकार यांवर उत्तम निबंध झाला. असमर्थता त्यात कुठेही नव्हती. लिपिकाने बोटाने शब्द मोजले.

"ब्याण्णव," तो म्हणाला. "आठ कमी पडतात."

मी आठ शब्दांच्या शोधात असताना आतलं दार उघडलं आणि मुख्याध्यापिका बाहेर आल्या.

"सर? तुम्ही?"

माझी जुनी विद्यार्थिनी. तिसऱ्या बाकावर बसायची, दोन वेण्या, अक्षर मोत्यासारखं. तिची एकच खोड होती. बारा मजूर एक भिंत सहा दिवसांत बांधतात असं गणित दिलं की ती मुकादमालाही मजुरांत धरायची. "तोही तिथेच उभा असतो ना, सर," असं म्हणायची. कोणाला वगळणं तिच्या जिवावर यायचं.

आता इतकी वर्षं सांभाळलेल्या अब्रूचं माणसाने काय करायचं ते तुम्हीच सांगा. जिला मी छडी न उगारता भागाकार शिकवला, तिच्यासमोर मी "असमर्थ" अशा शीर्षकाचा कागद हातात धरून उभा होतो. मी तो पाठीमागे नेला.

"काही काम होतं का, सर?"

"छे, काम कसलं," मी म्हणालो. "म्हटलं, सहलीचा हिशोब कसा काय केलाय ते बघावं जरा."

या एका वाक्यात पुढचा सगळा अनर्थ होता. अर्ज पुढे केला असता तर दहा मिनिटांत सुटलो असतो. पण ती माझा हात धरून आत घेऊन गेली, तिने मला स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि हिशोबाचा तक्ता समोर ठेवून लहान मुलीसारखी बाजूला उभी राहिली. मी तो तपासायला लागलो. खरं सांगतो, मनात आशा होती की कुठेतरी शाळेने जास्त लावलं असेल, एखादं शून्य वाढलं असेल, आणि ते पुसून मी दहाचे आठ हजार करून घरी जाईन.

बस, बहात्तर हजार. राहणं-जेवण, अठ्ठेचाळीस माणसं, चार रात्री, दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार. प्रशिक्षक शहाण्णव हजार. विमा आणि किरकोळ चोवीस हजार. एकूण चार लाख ऐंशी हजार. भागिले अठ्ठेचाळीस. दहा हजार.

"मुलं किती?" मी विचारलं.

"चाळीस, सर."

"मग हे आठ कोण?"

"शिक्षक आणि सोबतची मोठी माणसं."

"ती पैसे देणार आहेत का?"

तिने तक्त्याकडे पुन्हा पाहिलं. अशा वेळी शिक्षकाला पुढचं दिसत नाही हो. फक्त एवढंच दिसतं की समोरच्याला आता समजणार आहे, एका क्षणात समजणार आहे. मी पेन्सिल तिच्या हातात दिली. "परत कर बरं," मी म्हणालो, आणि मग "म्हणजे, करा."

तिने चाळीसने भागलं. बारा हजार आलं.

"शाबास," मी म्हणालो.

"सर, शाळेला ऐंशी हजारांचा खड्डा पडला असता," ती म्हणाली. तिचे डोळे पाणावले होते. माझेही जवळजवळ. मी अत्यंत समाधानाने बाहेर पडलो आणि जिन्याच्या चौथ्या पायरीवर मला कळलं की मी काय करून बसलो आहे.

सुधारित पत्रक दुसऱ्याच दिवशी आलं. "एका ज्येष्ठ व आदरणीय शिक्षकांनी स्वतःहून येऊन दाखवलेल्या चुकीमुळे प्रत्येकी खर्च बारा हजार असा वाचावा. शाळा त्यांची ऋणी आहे." आमच्या इमारतीत ज्येष्ठ शिक्षक एकच. पाचवीतली मुलं मात्र अकरा.

संध्याकाळी पाच वाजता मी टेबलावर खडू मांडले. मुंगी आली. बाकी कोणी आलं नाही. सव्वापाच झाले, साडेपाच झाले. मी मुंगीला म्हटलं, आज आपण दोघंच. ती म्हणाली, "बरं." मग थोड्या वेळाने म्हणाली, "आजोबा, तुमचं उत्तर बरोबर होतं." त्या आठवड्यात माझ्या बाजूने बोललेलं हे एकमेव वाक्य.

आता फी माझ्या हातात उरली नव्हती, पण सामानाची यादी होती. ते सात हजार जर मी उसनवारीवर शून्यावर आणले, तर बारा हजारांचं काहीतरी जमवता येईल, असा माझा हिशोब. ही म्हणाली, "आता पुन्हा हिशोब?" मी तिच्याकडे दुर्लक्ष करून कंपाउंडरांकडे गेलो. त्यांच्या माळ्यावर झोपायची पिशवी होती. तरुणपणी त्यांनी ती गिर्यारोहणासाठी घेतली होती आणि त्यानंतर ते माळ्यावर सोडून कशावरही चढले नव्हते.

वस्तू नातीला देण्याआधी स्वतः वापरून पाहावी, हे माझं तत्त्व. मी पिशवी बैठकीच्या खोलीत जमिनीवर पसरली, आत शिरलो आणि चेन वर ओढली. ती हनुवटीपर्यंत आली आणि तिथे अडकली. हात आत, चेन बाहेर. हिला हाक मारली. तिने येऊन पाहिलं आणि चेनीला चोळायला साबण आणायला आत गेली. एवढ्यात दारावरची घंटा वाजली आणि दार उघडंच असल्यामुळे कॅशियर थेट आत आले.

"सर कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"खाली," मी म्हणालो.

त्यांनी खाली पाहिलं. मला वाटलं, माणूस निदान विचारेल तरी. पण रागावलेल्या माणसाला आश्चर्य वाटायला सवड नसते.

"उठू नका," ते म्हणाले, जसा काही मी उठणारच होतो. "माझी जुळी आहेत, सर. तुमच्या या एका भागाकाराचे मला चार हजार पडले."

"चूक होती ती," मी जमिनीवरून म्हणालो.

"चूक होती तर असू द्यायची होती. शाळेची होती ना? तुमची नव्हती ना?"

"पण गणित..."

"गणिताला पोरं आहेत का?" असं म्हणून ते गेले. जाताना दार मात्र हळू लावलं. सुशिक्षित माणूस.

ही साबण घेऊन आली. चेन सुटायला पाव तास लागला. त्या पाव तासात ती एकदाही हसली नाही, त्यावरून मला माझ्या परिस्थितीचं गांभीर्य कळलं. "मुंगीने आज वर्गात सांगितलंय की ती येणार नाही," ती साबण चोळत म्हणाली. "बाईंनी नाव खोडलं. शनिवारी पालकांची सभा आहे. त्यात जे ठरेल ते शेवटचं."

शनिवारी मी गेलो. मुलाला आणि सूनबाईला कामावर सुट्टी नव्हती. वर्गात मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. मी आत शिरताच माझ्या आजूबाजूचे तीन बाक रिकामे झाले. मुख्याध्यापिका वही घेऊन उभ्या राहिल्या. चाळीसपैकी एकवीस मुलांची नावं मागे घेतली होती आणि त्यांना त्याचं कारण कळत नव्हतं.

"तुमची मुलगी का येत नाही?" त्यांनी शिवणकाम करणाऱ्या काकूंना विचारलं.

"तिला गाडी लागते," काकू म्हणाल्या.

मुख्याध्यापिकांनी लिहून घेतलं. "तिला बसमध्ये पुढची जागा देऊ. आणि तुमचा मुलगा?"

"गादी बदलली की झोप येत नाही त्याला," एक गृहस्थ म्हणाले.

"घरची उशी आणू दे. आणि जुळे?"

कॅशियर उभे राहिले. "परीक्षा जवळ आलीय," ते म्हणाले. परीक्षेला चार महिने होते. मुख्याध्यापिकांनी तेही लिहून घेतलं. सर्दी, दाताची तार, मामाकडे जायचंय, पाण्याची भीती. प्रत्येक कारणावर त्या मन लावून उपाय काढत होत्या, आणि ज्याचं कारण नाहीसं होई तो माणूस अधिकच हवालदिल दिसे.

"सर, तुमच्या नातीचं काय?" त्या माझ्याकडे वळल्या.

मी उभा राहिलो. उत्तर तयार होतं. डास. चांगलं, सोपं, कोणालाही न दुखवणारं. ते जिभेवर आलं आणि मला वाटलं, अकरा वर्षांच्या पोरीला हे इतकं सफाईने सांगायला कोणी शिकवलं असेल? शाळेत तर शिकवत नाहीत. ते आमच्याकडूनच आलं होतं. गॅलरीत पाण्याची टाकी बघत उभ्या राहिलेल्या बापाकडून आणि पाठीमागे अर्ज लपवणाऱ्या आजोबाकडून. चाळीस वर्षं मी पोरांच्या डोक्यात भरत आलो की नुसतं उत्तर नको, रीत दाखवा. आणि स्वतःची रीत दाखवायची वेळ आली तेव्हा तळ्यांचे प्रकार लिहिले.

"आम्हाला परवडत नाही," मी म्हणालो.

माझे कान तापले. ज्या शाळेत माझी विद्यार्थिनी मुख्याध्यापिका, तिथे मी मुलांच्या बाकाला धरून उभा होतो, हे लिहायलाही मला आवडत नाही. पण आता सुरुवात केलीच होती. "दहाही जड होते," मी म्हणालो. "सामान धरून सतरा. आता एकोणीस. मुंगीने स्वतः बेरीज केली आणि स्वतःच काट मारली. डासबिस काही नाही."

मग कॅशियर बसल्या जागी, माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझी जुळी आहेत." एवढंच. सगळ्यांना कळलं.

"आमचंही तेच," शिवणकामवाल्या काकू म्हणाल्या. "तिला गाडीबिडी काही लागत नाही. खिडकीतून हात काढून बसते मेली." मागून कोणीतरी हसलं. मग गादीवाले गृहस्थ म्हणाले की त्यांचा मुलगा उभ्यानेसुद्धा झोपतो.

मुख्याध्यापिका वही मिटून खुर्चीत बसल्या. "मला कोणी सांगितलंच नाही," त्या म्हणाल्या. "मी विचारलं तेव्हा सगळे म्हणाले, छान आहे, छान आहे."

"छानच आहे," काकू म्हणाल्या. "म्हणून तर."

मग मुख्याध्यापिकांनी खडू उचलला आणि माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, नको, तूच कर. या वेळी "करा" म्हणायला विसरलो, आणि कोणाला ते खटकलं नाही. चारच्या दोन रात्री झाल्या. तळं लांब होतं, त्याऐवजी जवळचं धरणाकाठचं वसतिगृह निघालं आणि बसचे बहात्तर हजार चाळीसवर आले. होडी गेली, प्रशिक्षक निम्मे झाले. मोठी माणसं आठच राहिली, त्यांना कमी करायला ती तयार झाली नाही, आणि मुलांवर लक्ष ठेवायचं म्हटल्यावर मीही झालो नसतो. डोक्याला बांधायच्या दिव्याऐवजी घरातली कोणतीही विजेरी, झोपायच्या पिशवीऐवजी दोन पांघरुणं. एकूण दोन लाख चाळीस हजार. तिने चाळीस लिहिले, क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि भागलं. सहा हजार. कॅशियरांनी फळ्याजवळ जाऊन तो हिशोब तीनदा तपासला आणि माझ्या शेजारून जाताना म्हणाले, "बरोबर आहे." त्यापलीकडे ते माझ्याशी अजून बोललेले नाहीत.

मी तिथूनच मुलाला फोन केला. तो म्हणाला, "भरून टाका, बाबा." आवाज थोडा वेगळा होता, पण कामाच्या जागी मशीनचा गोंगाट फार असतो.

घरी आलो तेव्हा मुंगी टेबलापाशी भूमितीची आकृती काढत होती. मी समोर बसलो आणि शक्य तितक्या साध्या आवाजात सांगितलं की सहल सहा हजारांत होणार आहे, सामान घरचंच न्यायचंय, आईबाबांनी हो म्हटलंय आणि तुझं नाव मी पुन्हा घातलंय.

तिने पेन्सिल खाली ठेवली.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"तीन. दोन रात्री."

"दोनच?" ती म्हणाली. "चार होत्या ना?"

"चारच्या दोन केल्या."

"आणि होडी?"

"होडी काढून टाकली."

"आजोबा," मुंगी म्हणाली, आणि तिचा आवाज चढला. मी तो इतका चढलेला कधी ऐकला नव्हता. "तुम्ही सभेला गेलात आणि होडी काढून आलात? दोन रात्री म्हणजे काय, जायचं आणि यायचं. आणि दोरीवरचं चालणं तरी आहे का?"

"ते आहे."

"कुठल्या दिवशी?"

"ते विचारलं नाही."

"खोलीत किती जणी? वरचा पलंग मिळणार का खालचा?"

"तेही नाही विचारलं."

ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. त्या आठवड्यात मला पुष्कळांनी सुनावलं, जमिनीवर आडवा असतानाही सुनावलं, पण मुंगी मला जे बोलत होती त्यातला एक शब्दही चुकू नये म्हणून मी खुर्ची पुढे ओढली.

"मग विचारून या," मुंगी म्हणाली. "मला वरचा हवाय."

शाळा केव्हाच बंद झाली होती. तरी मी चपला घालायला उठलो.